हक्स्टेबलबाईंचे सदर

१

मराठी माणसाला समीक्षेचे वावडे आहे असे कोणी म्हणणार नाही. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचा पडदा पुरता खाली येतो न येतो, तोच त्याचे परीक्षण कोण लिहिणार याची चर्चा सुरू होते. कवितेवर, कादंबरीवर, गाण्याच्या बैठकीवर, सिनेमावर आणि क्रिकेटच्या सामन्यावर लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आणि ते चवीने वाचणारे त्याहूनही पुष्कळ. इतकेच काय, मुंबई-पुण्याकडे आणि देशावर दिवाळीत मुले अंगणात मातीचे किल्ले करतात, तेव्हा शेजारच्या आळीतली मुले ते पाहावयास येतात आणि बुरूज फार जाड झाला, दरवाजा भलत्याच तोंडाला केला, एवढ्या उभ्या पायऱ्यांवरून मावळा चढणार कसा, असे शेरे अगदी निर्भयपणे मारतात. ही वास्तुसमीक्षाच होय, आणि ती उत्तम प्रतीची आहे.

मात्र हीच मुले मोठी होतात, गावात खरीखुरी इमारत उभी राहते, तिच्या पायऱ्या म्हाताऱ्या माणसाला चढवत नाहीत, तिच्या खिडक्या नेमक्या पावसाच्या तोंडाला उघडतात, आणि कोणी अवाक्षर काढत नाही. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात व्यासपीठावरील पाहुण्यांची नावे मानाच्या क्रमाने छापून येतात. ज्या इमारतीसाठी एवढे पाहुणे जमले ती इमारत कशी आहे, याविषयी त्यात एक ओळही नसते.

वास्तविक समीक्षेची खरी गरज असेल तर ती येथेच. नाटक पडले तर प्रेक्षक मध्यंतरात उठून जातो. कादंबरी रटाळ निघाली तर वाचक ती मिटून उशाखाली ठेवतो. आम्हा कादंबरीकारांना हा अनुभव नवा नाही. परंतु इमारत बिघडली तर तिच्यापासून सुटका नाही. ती पन्नास-साठ वर्षे रस्त्यावर उभी राहते. जो तिच्यात राहतो त्यालाही छळते आणि जो नुसता तिच्यावरून जातो त्यालाही. असे असूनही ज्या कलेचा जाच आणि ज्या कलेचे सुख सर्वांनाच चुकत नाही, नेमकी तीच कला टीकाकाराविना राहावी, हा मोठा चमत्कारिक प्रकार आहे.

अमेरिकेतील एडा लुईस हक्स्टेबल या बाईंनी हा प्रकार आपल्यापुरता बंद केला. १९६३ साली त्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकात दाखल झाल्या, आणि अमेरिकेतील मोठ्या दैनिकाच्या पहिल्या पूर्णवेळ वास्तुसमीक्षक म्हणून त्यांची नोंद झाली. मालगुंडसारख्या समुद्रकाठच्या गावात बसून न्यूयॉर्कच्या बाईंचे गुणदोष पाहण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर त्यांच्या कामातच आहे, म्हणून आधी ते काम पाहू.

२

बाईंचा जन्म १९२१ सालचा, न्यूयॉर्क शहरातला. त्या हंटर कॉलेजातून १९४१ साली पदवीधर झाल्या. पुढे कलेच्या इतिहासाचा अभ्यास केला. पण त्या स्वतः वास्तुशिल्पी नव्हत्या. त्यांनी घराचा आराखडा काढला नाही की कोणा गिऱ्हाइकासाठी इमारत बांधली नाही. काही काळ त्या एका मोठ्या दुकानात नव्या धर्तीचे फर्निचर विकत होत्या. तेथेच गार्थ हक्स्टेबल यांच्याशी त्यांची ओळख झाली. गार्थ हे रोजच्या वापराच्या वस्तूंचे घाट ठरवणारे कारागीर-कल्पक. त्यांच्याशी त्यांचे १९४२ साली लग्न झाले. १९४६ ते १९५० या काळात त्यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात वास्तुविभागात काम केले; नंतर शिष्यवृत्ती घेऊन त्या इटलीस गेल्या, आणि काँक्रीटचा जादूगार म्हणून ख्याती पावलेल्या पिएर लुइजी नेर्वी या इंजिनियरवर त्यांनी पुस्तक लिहिले.

या तपशिलात ध्यानात ठेवण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, बाईंना वस्तू कशी बनते याचे कुतूहल होते, ती नुसती कशी दिसते याचे नव्हे. ज्या घरात नवरा दिवसभर कपबशीचा कान बोटाला कसा लागतो याचा विचार करतो, त्या घरात इमारतीच्या दाराची मूठही दृष्टीतून सुटत नाही. दुसरी गोष्ट अशी की धंद्याबाहेरच्या असल्यामुळे त्यांना कोणाची भीड नव्हती. वास्तुशिल्पी दुसऱ्या वास्तुशिल्प्यावर लिहितो तेव्हा त्याला उद्या त्याच्याच पंक्तीला बसावयाचे असते. बाईंना बसावयाचे होते ते वाचकाच्या पंक्तीला.

त्यांच्या आधी कोणी लिहीतच नव्हते असे मात्र समजू नये. लुईस ममफर्ड यांनी १९३१ पासून ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात शहराच्या इमारतींवर सदर चालवले होते, आणि ते पांडित्याने व कळकळीने भरलेले होते. पण साप्ताहिकाचा वाचक निवडक असतो. दैनिक हे चहाच्या टेबलावर, आगगाडीत, न्हाव्याच्या दुकानात जाते. इमारत जशी येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांच्या डोळ्यांपुढे असते, तशी तिची समीक्षाही सर्वांच्या हाती पडली पाहिजे, हे बाईंच्या नेमणुकीने प्रथम मान्य झाले.

३

त्या कामावर आल्या त्याच वर्षी न्यूयॉर्कात एक मोठी घटना घडली. पेनसिल्व्हेनिया स्टेशन हे १९१० साली बांधलेले भव्य रेल्वे स्टेशन. त्याच्या प्रतीक्षागृहाची घडण प्राचीन रोमच्या स्नानगृहांवरून घेतलेली होती. साधा कारकूनही सकाळी गाडीतून उतरला की राजवाड्यात उतरल्यासारखा शहरात पाऊल टाकी. पण रेल्वे कंपनी तोट्यात आली. स्टेशनच्या डोक्यावरची मोकळी जागा विकली तर पैसा होता. वास्तुशिल्पी मंडळी फलक घेऊन रस्त्यावर उतरली, पण उपयोग झाला नाही. २८ ऑक्टोबर १९६३ रोजी पाडापाडीस सुरुवात झाली. ते पाडावयास पुढे तीन वर्षे लागली, आणि त्याच्या खांबांचे व पुतळ्यांचे तुकडे शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील दलदलीत नेऊन टाकण्यात आले. गाड्या जमिनीखालून चालू राहिल्या. उतारूंना मात्र पुढे तळघरातून ये-जा करावी लागली.

बाईंनी यावर जे लिहिले त्याचा विशेष असा की त्या केवळ हळहळल्या नाहीत. जुन्या गोष्टी गेल्या की हळहळणारे लेखक सर्व भाषांत असतात आणि त्यांचे लेख गोडही असतात. बाईंनी विचारले ते निराळे: हे पाडण्याचा अधिकार कोणाला होता, तो कोणत्या कायद्याने मिळाला, आणि ज्यांनी ते वापरले त्या लाखो लोकांना विचारण्याची सोय कायद्यात का नव्हती? म्हणजे दोष केवळ कंपनीच्या लोभाचा नव्हता. शहराने आपल्या वास्तूंचे मोल ठरवण्याची कोणतीच रीत निर्माण केली नव्हती, हा खरा दोष होता.

लोकांचा राग, संस्थांची खटपट आणि अशा लिखाणाचा रेटा या सर्वांतून १९६५ साली न्यूयॉर्क शहराने वास्तुसंरक्षणाचा कायदा केला आणि त्यासाठी आयोग नेमला. हे श्रेय एकट्या बाईंचे म्हणणे अतिशयोक्ती होईल. त्यांनी स्वतः कायदा लिहिला नाही. पण पेन स्टेशन वाचले नाही तरी त्याच्या मरणातून निघालेल्या कायद्याने पुढे त्याच शहरातील ग्रँड सेंट्रल हे दुसरे स्टेशन वाचले. त्याच्या माथ्यावर मनोरा चढवण्याचा बेत होता. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली शहराच्या बाजूने निकाल लागला. टीकाकाराची ताकद किती, याचे माप येथे मिळते. ज्या इमारतीवर हातोडा पडू लागला ती त्याला वाचवता येत नाही. पण पुढच्या इमारतीपाशी हातोडा घेऊन येणाऱ्याला आधी परवानगी मागावी लागेल, इतके तो करू शकतो.

४

यावरून कोणी समजेल की बाई जुन्याच्या अभिमानी होत्या. तसे मुळीच नाही, आणि त्यांचे खरे मोठेपण माझ्या मते येथेच आहे. काच, पोलाद आणि काँक्रीट यांच्या नव्या इमारतींवर त्यांनी मनापासून प्रेम केले. न्यूयॉर्कातील फोर्ड फाउंडेशनची इमारत १९६७ साली झाली. तिच्या पोटात झाडांनी भरलेली बाग आहे आणि कचेऱ्यांच्या खिडक्या त्या बागेकडे उघडतात. तिचे त्यांनी भरभरून कौतुक केले. उलट जुने दिसावे म्हणून नव्याने रंगवलेल्या, घासूनपुसून नाटकाच्या देखाव्यासारख्या उभ्या केलेल्या ऐतिहासिक गावांचा त्यांना तिटकारा होता. खऱ्या जुन्याची जागा खोट्या जुन्याने घेतली की लोकांना खरे ओळखूच येईनासे होते, हे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे सिमेंटच्या मावळ्यांनी आणि प्लास्टरच्या तोफांनी सजवलेली हॉटेले पाहिली म्हणजे हे म्हणणे पटते.

त्यांची भाषा सोपी आणि तिखट होती. १९६४ साली एडवर्ड स्टोन या नामांकित वास्तुशिल्प्याने न्यूयॉर्कात एक संग्रहालय बांधले. त्याच्या तळाचे खांब वर गोल आणि खाली बारीक. बाईंनी त्यांना काडीवरच्या गोळ्यांची उपमा दिली, आणि इमारतीला तेच नाव चिकटले. वॉशिंग्टनचे केनेडी केंद्र १९७१ साली उघडले तेव्हा त्याच्या अवाढव्यपणावरही त्यांनी असेच कोरडे ओढले. त्यांचा दरारा इतका झाला की ‘न्यूयॉर्कर’मध्ये १९६८ साली एक व्यंगचित्र आले: इमारतीचा नुसता सांगाडा उभा आहे आणि वर्तमानपत्र वाचणारा इसम सांगतो आहे की हक्स्टेबलबाईंना ती आतापासूनच नापसंत आहे. १९७० साली पुलित्झर पारितोषिकांत समीक्षेसाठी स्वतंत्र पारितोषिक प्रथमच ठेवण्यात आले, आणि ते बाईंना मिळाले. नाटक, संगीत, साहित्य यांच्या टीकाकारांना मागे सारून दगडविटांच्या टीकाकाराला हा पहिला मान मिळावा, ही लहान गोष्ट नव्हे.

पण तिखटपणा म्हणजे समीक्षा नव्हे; तिखट मिरचीही असते. त्यांच्या लिखाणाला वजन येई ते त्यामागच्या श्रमांनी. न्यूयॉर्कात १९६१ साली असा नियम झाला की बिल्डरने इमारतीपुढे लोकांसाठी मोकळे पटांगण सोडले तर त्याला वर जास्त मजले चढवता येतील. आपल्याकडे ज्याला एफएसआय म्हणतात त्याच जातीचा हा हिशेब. कागदावर नियम सुरेख होता. प्रत्यक्षात अशी कित्येक पटांगणे उजाड झाली. तेथे ना बाक, ना सावली. मजले मात्र कायमचे वाढले. इमारतीचा घाट हा केवळ वास्तुशिल्प्याच्या प्रतिभेतून येत नाही, तो नगरपालिकेच्या नियमांतून आणि सावकाराच्या हिशेबातून येतो, हे बाई वाचकाला पुन्हा पुन्हा समजावून देत. रागाने तोंड फिरवण्यापेक्षा कोणत्या कलमाने ही कुरूपता जन्मास घातली ते शोधणे कठीण असते. त्यांनी ते कंटाळवाणे काम केले आणि रंजक करून सांगितले.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बॉस्टन शहराच्या नगरभवनाचे उदाहरण घ्या. ही काँक्रीटची उग्र, वजनदार इमारत १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाली. बाईंनी तिची थोरवी गायली. बॉस्टनच्या अनेक नागरिकांना ती कधीच आवडली नाही. तिच्यापुढचे विटांचे विस्तीर्ण मैदान हिवाळ्यात वाऱ्याने झोडपलेले आणि ओसाड वाटते, ही तक्रार पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. लोकांना आवडते तेच समीक्षकाने म्हणावे असे नाही. तसे असेल तर समीक्षक हवा कशाला? परंतु नाटकाचे परीक्षण पहिल्या प्रयोगाला करता येते, इमारतीचे तसे करता येत नाही. इमारतीचा पहिला प्रयोग उद्घाटनाला होतो आणि खरा प्रयोग दहाव्या पावसाळ्यात. दैनिकाच्या सदराला ताजी बातमी लागते. त्यामुळे दहाव्या पावसाळ्याची समीक्षा लिहावयाची राहून जाते. शिवाय बाईंचे लक्ष मोठ्या शहराच्या मोठ्या वास्तूंकडे अधिक. साध्या माणसाच्या साध्या घराला त्यांच्या सदरात तेवढी जागा मिळाली नाही. हा दोष त्यांचा म्हणण्यापेक्षा वृत्तपत्री समीक्षेचा म्हणावा, पण तो आहे.

५

१९७३ साली त्या ‘टाइम्स’च्या संपादक मंडळावर गेल्या, १९८१ साली मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाल्यावर ती नोकरी सोडून ग्रंथलेखनाकडे वळल्या, १९९७ पासून ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या व्यापारी दैनिकात पुन्हा सदर लिहू लागल्या. ते त्यांनी अखेरपर्यंत चालवले. या उत्तरार्धातील त्यांचा शेवटचा लेख सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

न्यूयॉर्कचे सार्वजनिक ग्रंथालय १९११ साली उघडलेले. त्याच्या पोटात पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांचे सात मजले आहेत आणि त्यांच्या वर विशाल वाचनगृह आहे. चालकांनी असे ठरवले की या मांडण्या काढून पुस्तके अन्यत्र हलवावीत आणि त्या पोकळीत नवे, झगझगीत, फिरत्या पुस्तकांचे वाचनालय करावे. आराखडा नॉर्मन फॉस्टर या जगप्रसिद्ध वास्तुशिल्प्याचा. बाईंचे वय तेव्हा ९१. त्यांनी ३ डिसेंबर २०१२ रोजी लेख लिहून या बेताला कडाडून विरोध केला. त्यातला मुद्दा शाळेतल्या मुलालाही समजण्यासारखा होता: त्या मांडण्या म्हणजे केवळ कपाटे नव्हेत, वरच्या वाचनगृहाचा भार त्यांच्यावरच आहे. पुस्तकांच्या मांडण्यांनी वाचकांची खोली तोलून धरली आहे, अशी ती रचना. ती उपटून काढणे म्हणजे ग्रंथालयाचा अर्थच उपटून काढणे.

लेख आल्यावर पाच आठवड्यांनी, ७ जानेवारी २०१३ रोजी, बाई वारल्या. बेत लगेच थांबला नाही. दुसऱ्या लेखकांनी, संशोधकांनी, वाचकांनी झुंज चालू ठेवली, आणि मे २०१४ मध्ये ग्रंथालयाने तो बेत सोडून दिला. पेन स्टेशनच्या वेळी शब्द हातोड्यानंतर आला होता. ग्रंथालयाच्या वेळी तो आधी आला. या दोन घटनांमध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर आहे, आणि बाईंच्या साऱ्या कारकिर्दीचे सार मला या अंतरात दिसते. वास्तूंच्या टीकाकाराचे यश त्याच्या रसिकतेवर जितके अवलंबून असते, तितकेच तो वेळेवर येतो की नाही यावर असते.

६

आता आपल्याकडे वळू. आपली पाटी कोरी नाही. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली जात असताना, १८६३ साली, गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. शिक्षकी पेशातल्या या गृहस्थाने देवळे, तलाव, बाजार, रस्ते, इमारती यांची इतक्या बारकाईने नोंद केली की गेलेली मुंबई आज त्यांच्या पुस्तकात सापडते.

त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९६१ साली, माधव आचवल यांचे ‘किमया’ आले. आचवल हे बडोद्याच्या विद्यापीठात वास्तुकला शिकवणारे आणि मराठीतले मार्मिक साहित्यसमीक्षक. भिंत, दार, उजेड, सावली, मोकळी जागा यांच्याकडे केवळ डोळ्यांनी नव्हे तर सर्व इंद्रियांनी कसे पाहावे, हे त्यांनी मराठी वाचकाला शिकवले. त्या पुस्तकाची गोडी इतकी की पुढच्या पिढीत अतुल पेठे यांच्यासारख्या रंगकर्मीने त्याच्या अभिवाचनाचे प्रयोग केले. इमारतीवरचे पुस्तक रंगमंचावर यावे, असे भाग्य किती भाषांना लाभले असेल?

तिसरे उदाहरण इंग्रजी लिखाणाचे पण आपल्याच मुंबईचे. १९६५ साली ‘मार्ग’ या त्रैमासिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. मासिकातल्या काही पानांनी एका शहराच्या जन्माला हातभार लावला. मुंबईत वारसावास्तूंसाठी नियम व्हावयास मात्र १९९५ साल उजाडले, म्हणजे न्यूयॉर्कनंतर तीस वर्षे.

तेव्हा आपल्याकडे नोंद करणारा झाला, रसिक झाला, स्वप्न पाहणाराही झाला. उणीव आहे ती पहारेकऱ्याची. आचवलांचे पुस्तक आपण निवांत दुपारी वाचतो आणि आपली दृष्टी निवळते. पण सोमवारी सकाळी ज्या इमारतीचा ठराव व्हावयाचा आहे तिच्याविषयी रविवारी लिहिणारा माणूस निराळा असावा लागतो. घरांच्या जाहिराती छापणाऱ्या पुरवण्यांत तो सापडणार नाही. ज्याचे मीठ खावे त्याचे आळणी कसे म्हणावे?

७

कोणी म्हणेल, हे मुंबईला ठीक. मालगुंडला पहारेकरी कशाला? मला उलट वाटते. शहरात निदान आयोग आहेत, नियम आहेत, कोर्टकचेरी आहे. गावात एका सुट्टीत घर पाडले जाते आणि गणपतीला आलेल्या चाकरमान्याला आपली वाट ओळखू येत नाही.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे घर जांभ्या दगडाचे. हा चिरा खाणीतून निघतो तेव्हा नरम असतो, हत्याराने सहज घडवता येतो. उघड्या हवेत राहिला की कणखर होतो. त्यावर लाकडी वासे, कौलांचे उतरते छप्पर, पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसू. छपराची वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेली असते, कारण आमचा पाऊस वरून कमी आणि बाजूने अधिक येतो. ही सगळी रचना कोणा पदवीधराने केली नाही. पावसाने गवंड्याला शिकवली.

गेल्या काही दशकांत या घरांच्या जागी सपाट स्लॅबची घरे आली. स्लॅब ही प्रतिष्ठेची खूण झाली. पण पाऊस बदलला नाही. चार पावसाळ्यांत स्लॅब झिरपू लागते, आणि मग तिच्यावर लोखंडी खांब उभारून निळे-तांबडे पत्रे चढवले जातात. कोकणात कोठेही फिरा, हे दृश्य दिसेल. उतरते छप्पर मागासलेले म्हणून टाकून दिले आणि दुप्पट खर्च करून तेच पत्र्याच्या रूपाने डोक्यावर आणून बसवले. त्या पत्र्याखाली आषाढातल्या पावसाचा असा काही गोंगाट होतो की माणसाचा शब्द माणसाला ऐकू येत नाही. एका गावी मी अशाच पत्र्याखालच्या वर्गात शिकवले आहे. पाऊस लागला की धडा थांबवून मुलांना पाढे लिहावयास सांगावे लागत. त्या जागी पूर्वी कौलारू शाळा होती. ती पाडताना कोणीही हा साधा प्रश्न विचारला नव्हता की पावसात मास्तरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाईल काय.

पण हक्स्टेबलबाई येथे आल्या असत्या तर त्यांनी जुन्या घराचीही गय केली नसती. त्यांनी माजघरात शिरून पाहिले असते. ओटीवर वारा, उजेड, झोपाळा. आणि आत जन्मभर धुरात वावरणारी बाई. आमच्या सुंदर कौलारू घरात उजेड पुरुषांच्या वाट्याला आणि काळोख बायकांच्या वाट्याला आला होता. नव्या घराच्या स्वयंपाकघराला खिडकी आली, ओटा आला, घरातच न्हाणीघर आले, म्हणून घरातल्या बाईने स्लॅबला पसंती दिली असेल तर तिला सौंदर्यदृष्टी नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? चांगल्या समीक्षकाने दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगितल्या पाहिजेत: खिडकी हवी होती हे खरे, आणि खिडकीसाठी छप्पर टाकण्याची जरुरी नव्हती हेही खरे.

पेन स्टेशन ज्या १९१० साली उघडले त्याच साली आमच्या रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रज सरकारने थिबा राजवाडा बांधला. जांभ्या दगडाच्या भिंती, सागवानी काम, उतरती छपरे. न्यूयॉर्कचे स्टेशन गेले, रत्नागिरीचा राजवाडा उभा आहे. पर्यटक तेथे जातात, खिडक्यांचे नक्षीकाम वाखाणतात. पण ही वास्तू एका राजाला देशाबाहेर डांबून ठेवण्यासाठी बांधलेली देखणी कैद होती, हे तिच्या सौंदर्यासकट समजून घेणे म्हणजे वास्तू वाचणे.

मालगुंडने असे एक घर राखले आहे. केशवसुतांचे जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेच्या खटपटीने जतन झाले, आणि तेथील स्मारकाचे उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. ज्या कवीने जुन्याला निरोप देण्याची हाक दिली त्याचेच जुने घर आम्ही सांभाळतो, यात विसंगती नाही. जुने म्हणून ते राखले नाही. त्याचा अर्थ गावाला कळला म्हणून राखले. बाकीच्या घरांचा अर्थ सांगणारा कोणी भेटला नाही, एवढाच फरक.

तो सांगणारा वास्तुशिल्पी असला पाहिजे असे नाही, हे बाईंच्या उदाहरणावरून दिसलेच आहे. डोळे उघडे असावेत, पाय फिरते असावेत, नियम वाचण्याचा कंटाळा नसावा आणि कोणाच्या पेढ्यांचे ओझे मनावर नसावे. जिल्ह्याजिल्ह्यांतून निघणाऱ्या आपल्या वर्तमानपत्रांनी आठवड्यातून अर्धा रकाना यासाठी द्यावा. नवी शाळा, दवाखाना, एस. टी. चे स्थानक, पंचायतीची कचेरी यांचा आराखडा मंजूर होण्याआधी तो चावडीवर सर्वांना दिसेल असा लावावा, आणि त्यावर कोणीतरी चार सरळ ओळी लिहाव्यात: पाऊस कोठून येतो, म्हातारी माणसे कोठे बसतील, बायकांना उजेड आहे की नाही, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल की नाही. इमारत उभी राहिल्यावर हे लिहिले तर ती तक्रार होते. आधी लिहिले तर त्याचा उपयोग होतो.